विमानाला गाडीचं पेट्रोल चालेल?

मोठ्या जेट विमानांचं सोडा. ती जे पितात ते रॉकेलचं सख्खं भावंड असतं. आपण बघू या दोन माणसांचं, पुढे पंखा गरगरणारं छोटं विमान. सेस्ना १५० घ्या. त्याचं झाकण उघडलं तर आत काय दिसेल? चार सिलिंडर, पिस्टन, स्पार्क प्लग, कार्बोरेटर! सगळी गाडीचीच मंडळी. ताकद १०० अश्वशक्ती, म्हणजे एखाद्या मोटारीइतकीच. मग चौकातल्या पंपावरचं पेट्रोल त्यात का घालू नये?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या विमानवेड्या लोकांच्या संघटनेला पडला. तिचं नाव एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. विमानाच्या पेट्रोलला मुद्दाम रंग देतात, म्हणजे भरताना घोटाळा नको. सेस्ना १५० चं इंजिन ८० ऑक्टेनच्या लाल पेट्रोलसाठी बनवलेलं. पुढे लाल मिळेनासं झालं आणि आलं १०० ऑक्टेनचं निळं. नाव ‘कमी शिशाचं’, पण लालपेक्षा त्यात शिसं असू शकतं चौपट! नावावर जाऊ नये ते असं.

शिसं घालतात कशाला? सिलिंडरमध्ये दाबलेलं पेट्रोल वेळेआधीच भडकू नये म्हणून. तसं भडकलं की इंजिन खडखडतं. मेकॅनिक म्हणतात, ‘नॉक करतंय’. पण सेस्नाचं इंजिन पेट्रोलची वाफ आणि हवा फक्त सात पटच दाबतं. त्याला एवढं शिसं नकोच होतं. जास्तीचं शिसं प्लगवर बसायचं आणि ठिणगीच पडायची नाही. गाड्यांचं पेट्रोल मात्र बिनशिशाचं, वर स्वस्त!

मग भरा की टाकी! थांबा, विमान वर जातं ना. उंचावर हवेचा दाब कमी, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतात. लेहमध्ये पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं. पेट्रोल तर मुळातच उडून जायला टपलेलं, त्यात गाडीचं जरा जास्तच उतावीळ. गरम इंजिनाजवळच्या नळीत त्याचे बुडबुडे झाले, की शहाळं संपत आल्यावर स्ट्रॉचं होतं तसं होतं: ओढा कितीही, येते फक्त हवा. थंड देशांत तर हिवाळ्यात गाड्या पटकन सुरू व्हाव्यात म्हणून आणखी उतावीळ पेट्रोल विकतात. ते टाकीत राहिलं आणि वसंतातल्या पहिल्या गरम दिवशी उड्डाण केलं, तर पंचाईत.

सेस्ना १५० इथे नशीबवान. तिचे पंख डोक्यावर, टाक्या पंखांत, त्यामुळे पेट्रोल आपोआप खाली वाहत येतं. पंख खाली असलेल्या विमानात पंपाला ते वर ओढावं लागतं. ओढताना नळीतला दाब अजून घटतो, म्हणजे बुडबुड्यांना आमंत्रणच.

संघटनेने सेस्ना १५० शेकडो तास उडवून तपासली आणि १९८२ मध्ये सरकारी परवानगी मिळवली. हळूहळू इतर काही विमानांनाही ती मिळाली. जोरात दाबणारी ताकदवान इंजिनं मात्र निळ्यावरच राहिली.

एक अट कडक होती: पेट्रोलमध्ये इथेनॉल नको. इथेनॉल जुन्या रबरी भागांना खातं आणि पाणी शोषतं. वर थंडीत ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं.

मग वैमानिक ओळखणार कसं? युक्ती मला भारी आवडते. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, वर पेट्रोल ओतायचं, झाकण लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. शुद्ध पेट्रोल असेल तर पाणी पुन्हा खुणेवर येतं. इथेनॉल असेल तर ते पेट्रोलला सोडून पाण्याच्या गटात जातं आणि पाणी चक्क ‘वाढलेलं’ दिसतं! (घरी करायचं नाही हं. पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.)

आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंच उसापासून केलेलं. त्या नळीत ते लगेच पकडलं जाईल. म्हणून आपल्याकडच्या सेस्नांना निळंच पाजतात. ते पूर्वी परदेशातून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याला बनवतं.