गेमिंग खात्याचे दुसरे कुलूप

पासवर्ड ही वापरकर्त्याला ठाऊक असलेली गोष्ट, तर फोन ही त्याच्याजवळची वस्तू. या दोहोंचा पुरावा मिळाल्यावरच खाते उघडणाऱ्या पद्धतीला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंसाठी ब्लिझार्ड कंपनीने 2008 मध्येच सांकेतिक अंक दाखवणारे छोटे यंत्र विक्रीस आणले होते, कारण चोरलेल्या खात्यांतील आभासी सोने खऱ्या पैशांना विकले जात असे. आज ते काम ऑथेंटिकेटर अ‍ॅप करते: नोंदणीच्या वेळी मिळालेली गुप्त किल्ली आणि घड्याळातील वेळ यांच्या गणितातून ते साधारणतः दर 30 सेकंदांनी नवा सहा अंकी संकेतांक काढते, आणि त्यासाठी नेटवर्कही लागत नाही. एसएमएसने येणारा ओटीपी त्याहून कच्चा, कारण फसवणुकीने दुसरे सिमकार्ड मिळवणाऱ्याच्या हाती तो आपसूक पडतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. बनावट संकेतस्थळावर खेळाडूने स्वतःच भरलेला संकेतांक मात्र, अ‍ॅपमधला असो वा एसएमएसचा, चोर त्याच क्षणी वापरू शकतो. भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने 2009 पासून बंधनकारक केली. पण गेमच्या वॉलेटमध्ये आधीच भरलेल्या रकमेचे रक्षण बँकेचा ओटीपी नव्हे, तर खात्याचे हे दुसरे कुलूपच करते.