लेकराला हगवण लागली तर पाणी तोडू नका

"ताई, पाणी पाजलं की अजूनच हगतंय, म्हणून पाणी बंद केलंय." घाटनांदूरच्या वस्तीत पावसाळा लागला की हे हमखास ऐकू येतं. नर्स होते तेव्हाही ऐकलं, आज घरोघर फिरतानाही ऐकते. ही समजूत लेकराच्या जिवावर बेतते. पोटाचं काम समजून घेतलं की तिच्यातली चूक कळते.

भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते, कारण लाळेनं पिठाची साखर व्हायला सुरुवात होते. जठरात घास घुसळला जातो. पुढं लहान आतड्यात पित्त आणि पाचक रस मिसळतात, अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. मोठं आतडं उरलेलं पाणी ओढून घेतं.

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला 8-9 लिटर पाणी येतं. त्यातलं प्यालेलं दोनेक लिटर, बाकी शरीराचेच रस. जवळपास सगळं परत रक्तात जातं. हगवणीत हे परत जाणं बिघडतं. म्हणजे बाहेर पडतं ते लेकराच्या अंगातलं पाणी. पाजणं बंद केलं तरी ते थांबत नाही. लेकरू सुकत जातं.

पण हगवणीतही आतड्याची एक वाट उघडी असते. साखर आणि मीठ जोडीनं आत जातात, त्यांच्यामागं पाणी जातं. ओआरएसचं काम एवढंच. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजलं. शेकडा 30 च्या आसपास मरत होते, ते प्रमाण 4 च्या आत आलं.

आशाताईकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. पुडा नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पाजा. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लेकरू जेवणारं असेल तर पेज, वरण-भातही द्या. हगवण थांबली तरी झिंक 14 दिवस पुरं करा.

डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, लेकरू मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठा. वाटेतही पाजत राहा.

आणि ऊसतोडीला निघणाऱ्या बायांनो, कोपीवर दवाखाना जवळ नसतो. टोळी निघायच्या आधी ओआरएसचे चार पुडे पेटीत टाका.