वडीलधाऱ्यांचा संकोच आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया

घरातील वृद्ध पुरुष रात्रीतून चार-पाच वेळा उठू लागले, म्हणजे आपण तो दोष वयाच्या माथी मारतो. आणि सुना-नातवंडांनी भरलेल्या घरात तेही संकोचाने गप्प राहतात. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गास वेढून असते. उतारवयात ती वाढली, की मार्ग आवळला जातो. दीर्घकाळ उपेक्षा केल्यास लघवी तुंबते व प्रसंगी मूत्रपिंडासही इजा पोहोचते.

प्रथम औषधे द्यावयाची, ती अपुरी पडल्यास शस्त्रक्रिया. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेल्या पीटर फ्रेयर यांनी १९०० पासून लंडन येथे ओटीपोट उघडून ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेकांस पोटावर छेद घ्यावा लागत नाही. दुर्बीण मूत्रमार्गातूनच आत जाते.

टी.यू.आर.पी. या पद्धतीत विजेच्या तारेने ग्रंथीचा आतील भाग खरवडतात. मध्यम आकाराच्या ग्रंथीस ती योग्य असून तिचा अनुभव दीर्घ आहे. होल्मियम लेसरने, संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तसा, वाढलेला भाग सोडवितात. फार मोठ्या ग्रंथीसही ती चालते व रक्तस्राव कमी होतो. मात्र हात सरावलेला हवा. या दोहोंनंतर वीर्य बहुधा मूत्राशयात उलटे जाते, हे आधीच सांगितले पाहिजे. वाफेने ग्रंथी आक्रसविणे किंवा बारीक टाचण्यांनी ती बाजूस ओढून धरणे, या सौम्य पद्धतींत हा दोष क्वचितच येतो. पण आराम तुलनेने कमी व पुढे पुन्हा उपचार लागण्याचा संभव अधिक. वाफेचा गुण येण्यास काही आठवडेही लागतात.

तेव्हा सर्वोत्तम पद्धत कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रुग्णास कोणती, असे विचारावे. छत्रपती संभाजीनगरातील, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या 'घाटी' रुग्णालयात जा, अथवा खाजगी डॉक्टरांकडे. ग्रंथी केवढी, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असता काय करावे, आपला हात कोणत्या पद्धतीवर बसला आहे, आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा संभव किती, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत. लघवीतून रक्त आल्यास विलंब करू नये. लघवी अजिबात बंद झाल्यास तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

औषध वैद्याचे, परंतु वडिलांचा संकोच दूर करणे हे मुलांचेच काम होय.