उसातला गांजा : भाव पिकाचा की जोखमीचा?

उसाची पहिली उचल जाहीर झाली की सातारा-सांगलीच्या पारावर एक वाक्य कानावर येतं : "यापेक्षा गांजा लावलेला बरा." म्हणणारा हसतो, ऐकणारेही हसतात. मग कधीतरी जतकडून नाहीतर माण-खटावकडून बातमी येते की उसात, मक्यात किंवा हळदीत गांजाची झाडं सापडली. कुणीतरी ते वाक्य मनावर घेतलेलं असतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने तर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला : कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. अर्जामागचा वैताग खरा होता, आणि तो नंतरही सरला नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. अशा हिशेबाने गांजलेल्या माणसाला गांजाचे आकडे मोहात पाडणारच. म्हणून ते आकडे आणि त्यामागचा कायदा एकदा नीट पाहू.

गैरसमज १ : गांजाच्या शेतकऱ्याला लाखो रुपये मिळतात.

वस्तुस्थिती : छाप्याच्या बातमीतला आकडा बहुतेकदा दोनदा फुगलेला असतो. एकदा वजनात. झाडं ओली उपटली जातात आणि खोड-पाल्यासकट काट्यावर चढतात. कायद्याच्या व्याख्येत मात्र गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांपासून सुटी झालेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. न्यायालयात यावर वाद होतात ते याचमुळे. दुसऱ्यांदा फुगतो तो किमतीत. लावलेला भाव शहरात पुडी विकणाऱ्याचा असतो, बांधावरचा नसतो. मध्ये वाळवणारा, गाडीतून नेणारा, साठवणारा आणि गल्लीत विकणारा अशी साखळी असते, आणि प्रत्येक जण आपापल्या जोखमीचे पैसे कापून घेतो.

त्या साखळीत शेतकऱ्याला पळता येत नाही. गाडीवाला नंबरप्लेट बदलतो, विकणारा गल्ली बदलतो, पण शेत जागचं हलत नाही आणि सात-बाऱ्यावर नाव लिहिलेलं असतं.

मुद्द्याची गोष्ट अशी की गांजा हे काही नाजूक पीक नाही. हिमालयाच्या पायथ्याशी ते तणासारखं उगवतं. पिकवायला एवढं स्वस्त झाड बाजारात महाग होतं ते त्यावर बंदी आहे म्हणून. तो भाव पिकाचा नसून पकडलं जाण्याच्या भीतीचा आहे.

गैरसमज २ : चार झाडं लावली तर काय होतं? आणि वाट्याने दिलेल्या शेताशी मालकाचा काय संबंध?

वस्तुस्थिती : अमली पदार्थांविषयीचा केंद्राचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. लागवडीच्या या तरतुदीत चार झाडांची सूट कुठेही लिहिलेली नाही. बाळगण्याच्या गुन्ह्यात प्रमाण पाहिलं जातं : १ किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण, त्याला वर्षभरापर्यंत शिक्षा, २० किलोच्या वर व्यापारी प्रमाण, त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षं. व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीनही अवघड होतो. आरोपी दोषी नसावा, असं न्यायालयाला सकृद्दर्शनी पटावं लागतं. ओली झाडं काट्यावर चढवली की २० किलोचा आकडा किती लवकर गाठला जातो, हे ज्याने वैरणीचा भारा वाहिला आहे त्याला सांगायला नको.

मालकाचंही तसंच. आपल्या जमिनीत गांजाचं झाड बेकायदा लावलेलं माहीत असेल, तर कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाने ताबडतोब कळवायचं असतं. जाणूनबुजून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. कलम ४७ मध्ये हीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावच्या इतर अधिकाऱ्यांवर टाकली आहे. "खंडाने दिलंय, मला काय ठाऊक" हे उत्तर खरं असेल तेवढंच उपयोगी पडतं.

आणि हा मामला केवळ कोरडवाहू शिवाराचा आहे असंही नाही. मार्च २०२१ मध्ये वाईसारख्या घाटांच्या गावात, भाड्याच्या घरात गांजाची झाडं वाढवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी दोन जर्मन नागरिकांना अटक केली होती. तेव्हा घरमालकांनीही हे वाचून ठेवावं.

गैरसमज ३ : गांजा इंग्रजांनी बंद केला.

वस्तुस्थिती : इंग्रजांनी गांजा बंद केला नाही, त्याच्यावर महसूल कमावला. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. पीक परवान्याने निघे, दुकानं मक्त्याने जात. १८९३ मध्ये सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प औषधी आयोगाने जवळजवळ बाराशे साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिला : संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि शहाणपणाचीही नाही, परवाने द्या, कर लावा, अतिरेक रोखा.

देशभर सरसकट गुन्हा ठरवणारा कायदा आला तो १९८५ मध्ये, स्वतंत्र भारताच्या संसदेत. त्यामागे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार होता. ज्या देशांत गांजाची जुनी वहिवाट होती, त्यांना ती संपवायला करारात २५ वर्षांची मुदत दिलेली होती. भारताने पानं आणि बिया व्याख्येबाहेर ठेवून घेतल्या, म्हणून भांग वाचली.

गैरसमज ४ : भांग खुली आहे, मग पाल्याला कुणाची परवानगी?

वस्तुस्थिती : भांग केंद्राच्या कायद्याबाहेर असली तरी राज्याच्या कायद्याबाहेर नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि तिचं नियंत्रण राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे आहे. परवान्याशिवाय विक्री हा गुन्हाच. शिवाय भांगेसाठी म्हणून झाड लावायला गेलात तर पुन्हा लागवडीचं कलम समोर येतं.

गैरसमज ५ : हेम्प म्हणजे आपला तागच, तो कुणीही लावावा.

वस्तुस्थिती : हा घोटाळा नावाचा आहे. जुन्या इंग्रजी दप्तरांत दोराचा धागा देणारं जे दिसेल त्याला हेम्प म्हटलं गेलं. उसाआधी हिरवळीचं खत म्हणून गाडतो तो ताग हा 'सन हेम्प', भाजीची अंबाडी ही 'डेक्कन हेम्प' आणि बांधावरचं घायपात 'सिसल हेम्प'. या तिघांचं गांजाशी काडीचं नातं नाही.

खरा औद्योगिक हेम्प मात्र गांजाचाच भाऊ, त्याच जातीचं झाड. फक्त नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य त्यात नगण्य, सर्वसाधारणपणे ०.३ टक्क्यांच्या आत. धागा आणि बियांसाठी त्याची लागवड करू देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे, पण ती सरकारने आदेश काढला तरच. उत्तराखंडने २०१८ मध्ये ही वाट धरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. हिमाचल प्रदेशात महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यास केला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. महाराष्ट्राने असं धोरण केलेलं नाही. त्यामुळे कुणी "हेम्पचं बियाणं आहे, कायदेशीर आहे" म्हणून विकायला आला, तर लागवडीचा सरकारी परवाना आधी दाखव म्हणावं.

गैरसमज ६ : कायदेशीर झाला की शेतकरी मालामाल होईल आणि सरकारची तिजोरी भरेल.

वस्तुस्थिती : हे ज्यांनी करून पाहिलं त्यांचा हिशेब उपलब्ध आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०१४ मध्ये दुकानं उघडली. २०२१ मध्ये राज्याला या धंद्यातून ४० कोटी डॉलरहून अधिक कर मिळाला. पण तेवढ्यात पिकवणारे वाढले, शेजारची राज्यंही खुली झाली आणि पुढच्या दोन वर्षांत घाऊक भाव निम्म्याखाली घसरला. कराचा एक भाग घाऊक किमतीच्या टक्केवारीत होता, म्हणून भावाबरोबर करही उतरला.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा खुला केला. तिथे उत्पादन शुल्क ग्रॅममागे १ डॉलर किंवा किमतीच्या १० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. माल महाग असताना हे सोसलं. भाव कोसळल्यावर तोच एक डॉलर उत्पादकाच्या गळ्याशी आला. भाव कोसळलेला असताना ठरलेली कपात कशी बोचते, हे ऊसवाल्याला समजावून सांगायची गरज नाही.

थायलंडची गोष्ट तर आपल्याला जास्त जवळची. २०१९ च्या निवडणुकीत एका पक्षाने शेतकऱ्यांना गांजाचं आश्वासन दिलं, जून २०२२ मध्ये झाड बंदीच्या यादीतून काढलं आणि सरकारने दहा लाख रोपं वाटायची घोषणा केली. नियमन करणारा कायदा मागून यायचा होता, तो आलाच नाही. दुकानं हजारोंनी निघाली, माल उतू गेला, भाव पडला. जून २०२५ मध्ये तो पक्ष सत्तेतून बाहेर पडताच सरकारने उलटा फेरा घेतला आणि विक्रीला डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. रोपं लावणारे मधल्या मध्ये राहिले.

इथे पहिला मुद्दा पुन्हा आठवावा. भाव जर भीतीचा असेल, तर भीती उठल्यावर तो राहील कसा? कायदेशीर गांजा हे टोमॅटो-कांद्यासारखं, ज्याला जमेल तो पिकवेल असं पीक होतं. तेव्हा पैसा परवाना, प्रयोगशाळा, बंदिस्त हरितगृह आणि ब्रँड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे वळतो. द्राक्षबागायतदाराला नि वाइन कंपनीला मिळणाऱ्या पैशांतला फरक तासगावच्या माणसाने पाहिलेला आहे.

गैरसमज ७ : मुख्यमंत्र्यांनी मनावर घेतलं तर उद्या खुला होईल.

वस्तुस्थिती : गुन्हा काय, हे केंद्राचा कायदा ठरवतो. उत्पादन शुल्काचा हक्क मात्र राज्याचा. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्य सूचीत, ५१ व्या नोंदीत दारू आणि अफूच्या शेजारी भारतीय भांगेचं नाव आहे. नियमनाचे काही अधिकार एनडीपीएसच्या कलम १० ने राज्यांना दिले आहेत, पण ते वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाच्या चौकटीत. शौकासाठीची विक्री संसदेशिवाय शक्य नाही.

आणि राजकारणाचं म्हणाल, तर जानेवारी २०२२ मध्ये सुपर मार्केटात वाइन ठेवू देण्याच्या निर्णयावर केवढं रान उठलं ते आठवा. शेतकऱ्याचा फायदा हेच कारण तेव्हाही पुढे केलं होतं. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ज्या राज्यात बाया गावोगाव मतदान करून बाटली आडवी करतात, तिथे गांजाच्या बाजूने उघड उभं राहणारा आमदार शोधावा लागेल.

गैरसमज ८ : गांजा खुला केला की एमडी आपोआप बंद होईल, नाहीतरी गांजाची सवय लागत नाही.

वस्तुस्थिती : मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात मुंबई पोलिसांनी छापा घालून १२० किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, पकडलं. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत एमडी बनवणारा कारखाना सापडला. एमडी रसायनांतून बनतं, त्याला शेत लागत नाही आणि त्याचं गिऱ्हाईकही वेगळं. गांजाच्या धोरणाने तो प्रश्न सुटेल असं मानायला आधार नाही.

सवयीबद्दल दोन्ही टोकं चुकीची आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, आणि त्याच्या आहारी गेलेले सुमारे २५ लाख निघाले. म्हणजे घेणारा प्रत्येक जण वाया जात नाही, आणि सवय लागतच नाही हेही खोटं. कोवळ्या वयात, रोज आणि कडक माल ओढणाऱ्यात मनोविकाराचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. घरात कुणी अडकलं असेल तर लपवू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४अ ने अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिलं आहे.

मागायचंच असेल तर मागण्यासारखी गोष्ट आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र सांगलीजवळ कसबे डिग्रजला आहे, हळदीसाठी नावाजलेलं. कमी टीएचसीचा हेम्प आपल्या उन्हात ०.३ टक्क्यांच्या आत राहतो का, धागा किती निघतो, घेणारा कोण, याची चाचणी सरकारी देखरेखीखाली तिथे व्हावी. तिचा निकाल हाती आल्यावर ऊस की हेम्प हा वाद घालायला अर्थ आहे.

तोवर हिशेब सरळ आहे. बंदी असेपर्यंत गांजाचा भाव दुसऱ्याचा आणि तुरुंग शेतकऱ्याचा. बंदी उठली तर तुरुंग जाईल, आणि त्याच्याबरोबर भावही. ज्यांनी रान वाट्याने किंवा खंडाने दिलं आहे, त्यांनी या आठवड्यात उसाच्या आतल्या सऱ्यांतून एकदा स्वतः फिरून यावं.