मुरलेली बिअर: इंग्लिश बार्लीवाइनच्या आस्वादाचा मागोवा

बार्लीवाइन या नावाने ओळखले जाणारे इंग्लिश पेय द्राक्षांपासून नव्हे, तर मोड आणून भट्टीत वाळवलेल्या जवापासून, म्हणजे मॉल्टपासून बनते. ते बिअरच्याच कुळातले असले, तरी त्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ८ ते १२ टक्के, म्हणजे जवळजवळ वाइनइतके असते आणि ते मुरवून पिण्याची चाल आहे. बाटलीवर साल छापायचे, बाटल्या वर्षानुवर्षे तळघरात ठेवायच्या आणि एकाच बिअरची निरनिराळी साले शेजारी मांडून चाखायची, असा एक रीतिरिवाज गेल्या अर्धशतकात या पेयाभोवती तयार झाला असून, तो शतकानुशतके चालत आल्याचे सर्रास गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात जुनी आहे ती मुरवण्याची पद्धत. साल पाहून चाखण्याची रसिकता त्या मानाने कालपरवाची आहे, आणि या दोहोंच्या मधल्या काळात हेच पेय चवीपेक्षा चढण्यासाठी घेतले जात होते.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांना जोडून त्यांची स्वतःची ब्रुअरी असे. भरडलेला मॉल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातील साखर उतरवून घेण्याच्या क्रियेला मॅशिंग म्हणतात. त्यातून निघणारी पहिली धार सर्वांत गोड आणि दाट असते. तिची वेगळी बिअर करायची आणि त्याच मॉल्टवर पुन्हा पाणी घालून निघालेल्या पातळ धारेतून नोकरचाकरांसाठी हलकी बिअर बनवायची, हा तिथला शिरस्ता होता. दाट बिअर नव्या पिकाचा मॉल्ट आणि नवे हॉप, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, हाती आल्यावर ऑक्टोबरात बनवली जाई, म्हणून तिला ऑक्टोबर बिअर म्हणत. ती लाकडी पिंपांत भरून वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ ठेवली जाई. फ्रान्सशी वारंवार होणारी युद्धे आणि फ्रेंच वाइनवरील जबर कर यांमुळे उमरावांच्या मेजावर तिला मान मिळाला. वारस जन्मला की पिंप भरायचे आणि तो एकवीस वर्षांचा झाला की फोडायचे, अशीही प्रथा काही घराण्यांत होती. तरीही अमुक सालची बिअर तमुक सालच्या बिअरशी ताडून पाहण्याची हौस त्या काळी फारशी दिसत नाही. मुरवणे ही आधी गरज होती, कारण इतकी दाट बिअर ताजी असताना उग्र आणि बेंगरूळ लागते.

व्यापारी पातळीवर या दाट बिअरच्या घराण्याची राजधानी ठरली ती स्टॅफर्डशरमधील बर्टन-ऑन-ट्रेंट. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, मुबलक असल्याने हॉपचा कडवटपणा स्वच्छ आणि ठसठशीत उतरतो. बर्टनची गोडसर, जोरकस एल, म्हणजे इंग्लिश धाटणीची बिअर, बाल्टिकमार्गे रशियात जात असे. १८२२ मधील रशियन जकातीने ती बाजारपेठ जवळपास बंद पडली आणि ऑलसॉप, बास या कंपन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडे मोर्चा वळवला. तिथे लंडनच्या हॉजसन या ब्रुअरची फिकट एल आधीच रुजली होती, आणि तीही ऑक्टोबर बिअरच्याच वंशातली मानली जाते. हिंदुस्थानच्या नावाने चालणाऱ्या या हलक्या शाखेने पुढे मूळ घराण्यालाच झाकून टाकले. बर्टनमध्ये दाट एल बनत राहिली ती मुख्यतः घरच्या हिवाळ्यासाठी. बासने आपल्या एलना तीव्रतेच्या क्रमाने आकडे दिले होते. त्यांतील सर्वांत जोरकस ती नंबर वन. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी १८७६ मध्ये सुरू झाली, तेव्हा बासचा लाल त्रिकोण पहिला आणि या जोरकस एलची लाल चौकट दुसरी नोंदली गेली. बार्लीवाइन हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने याच एलमुळे रुळले.

त्या काळच्या चवीविषयी बोलताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ नील्स येल्टे क्लाउसेन याने लंडनमध्ये असे मांडले की, मुरवलेल्या इंग्लिश बिअरची खास चव मुख्य किण्वनातून येत नसून, नंतर पिंपात संथपणे काम करणाऱ्या एका वेगळ्या यीस्टमधून येते. यीस्ट म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारी सूक्ष्म बुरशी. या नव्या यीस्टला त्याने ब्रिटिश बुरशी अशा अर्थाचे ब्रेटॅनोमायसीज हे नाव दिले. ते नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करा खाते आणि चामडे, खोगीर, जुने लाकूड यांची आठवण देणारा गंध मागे ठेवते. शुद्ध यीस्ट, धातूच्या टाक्या आणि बाटलीबंद विक्री आल्यावर हा गंध दोष ठरला. म्हणजे आज पारंपरिक म्हणून चाखली जाणारी स्वच्छ, टॉफीसारखी बार्लीवाइन व्हिक्टोरियन काळातील जाणकाराला कदाचित अपुरी वाटली असती. परंपरेचे दाखले देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

मधल्या काळाची कहाणी करांची आहे. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८८० मध्ये मॉल्टवरील कर काढून तो किण्वनापूर्वीच्या द्रवाच्या घनतेवर बसवला, म्हणजे बिअर जितकी दाट तितका कर जास्त, आणि दोन्ही महायुद्धांत धान्यटंचाईमुळे बिअर पातळ करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जोरकस एल टिकली ती छोट्या बाटलीत. निप नावाची, पाइंटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ही बाटली पबमध्ये फळीवर असे, आणि एकटी किंवा दुसऱ्या बिअरमध्ये मिसळून घेतली जाई. शेफील्डच्या टेनंट ब्रदर्सने १९५१ मध्ये काढलेल्या गोल्ड लेबलने गडद रंगाची रूढीही मोडली. पुढे व्हिटब्रेड या मोठ्या ब्रुअरीने ती कंपनी घेतल्यावर ही फिकट सोनेरी बार्लीवाइन देशभर पोचली. थोड्या पैशांत अधिक जोर, ही तिची खरी ओळख होती.

रसिकतेला वळण मिळाले ते १९६८ मध्ये, आणि तेही साहित्याच्या निमित्ताने. कादंबरीकार टॉमस हार्डी याने ‘द ट्रम्पेट-मेजर’मध्ये डॉर्चेस्टरच्या बिअरचे मोठे रसाळ वर्णन केले आहे. त्याच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने त्याच गावातील एल्ड्रिज पोप या ब्रुअरीने टॉमस हार्डीज एल काढली, सुमारे १२ टक्क्यांची, बाटलीत जिवंत यीस्ट राखलेली आणि पंचवीस वर्षे टिकेल अशी ग्वाही दिलेली. बासनेही १८६९ मध्ये कंपनीतील भागीदार रॅटक्लिफ घराण्यातील मुलाच्या जन्मानिमित्त आणि २२ फेब्रुवारी १९०२ रोजी राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते खास एल बनवल्या होत्या, पण त्या प्रसंगविशेषाच्या होत्या. हार्डीज एलने सालाचे महत्त्व सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणले. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले मायकल जॅक्सन या बिअर-लेखकाचे ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ यांनी या आवडीला शब्द दिले. मँचेस्टरच्या जे. डब्ल्यू. लीसने १९८६ पासून हार्वेस्ट एल दरवर्षी नव्या हंगामाच्या मॅरिस ऑटर मॉल्टपासून आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉपपासून बनवायला सुरुवात केली, तर लंडनमधील चिझिकच्या फुलर्सने १९९७ पासून व्हिंटेज एल काढली. अमेरिकेत अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये हा प्रकार उचलला, पण तिथे हॉपचा सूर इतका चढला की ती शाखा निराळीच मानावी लागते.

आता आस्वादाकडे. बार्लीवाइन फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायली तर निम्मी वाया जाते. १२ ते १४ अंश सेल्सियस तापमान, तोंडाशी निमुळता होणारा छोटा पेला आणि तळाचा साका हलू न देता सावकाश ओतणे, एवढी पथ्ये पुरतात. रंग तांबूस सोनेरीपासून गडद तपकिरीपर्यंत असतो. फेस थोडाच टिकतो, आणि तो कमीपणा समजू नये. वासात आधी टॉफी आणि भाजक्या पावाचा खरपूसपणा, मागून मनुका, खारीक, अंजीर आणि मोसंबीचा मुरंबा जाणवतो. यांपैकी टॉफीचा अंश दाट द्रव दीर्घकाळ उकळताना शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून, म्हणजे मेलार्ड अभिक्रियेतून येतो, तर फळांचा अंश यीस्टने घडवलेल्या एस्टर या सुगंधी संयुगांतून. घोट जिभेवर जड, जवळजवळ तेलकट वाटावा. गोडी आधी यावी, कडवटपणाने तिला वेळीच आवरावे आणि घशात ऊब पसरावी, पण जाळ होऊ नये. निव्वळ गोड असलेली बार्लीवाइन दोन घोटांत कंटाळा आणते, आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही.

आता मुरताना काय घडते ते पाहू. हॉपचा कडवटपणा वर्षागणिक ओसरतो, म्हणून चांगला ब्रुअर तो सुरुवातीला मुद्दाम जास्त ठेवतो. मद्यार्काची धार बोथट होते. बाटलीत शिरलेला किंचित प्राणवायू दोन दिशांनी काम करतो: दैव वाईट असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, चांगले असेल तर शेरीसारखा सुकामेव्याचा. याच वाटेने सोटोलोन नावाचे संयुग तयार होते. मेथीच्या दाण्यांचा ओळखीचा गंध ज्याचा, तेच हे संयुग, त्यामुळे जुन्या बार्लीवाइनमधील ही छटा मराठी नाकाला कुणी शिकवावी लागू नये. फार काळ लोटला की मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटतात आणि सोया सॉसची खारट, मांसल चव उतरते. तिला काही संग्राहक खोलीचे लक्षण म्हणतात. बहुतेक वेळा ते बाटलीला मोजलेल्या दामाचे समर्थन असते.

जुने तितके चांगले हा हिशेब म्हणूनच टिकत नाही. गार, अंधाऱ्या तळघरात बहुतेक बार्लीवाइन तीन ते दहा वर्षांच्या दरम्यान भरात असतात. उबदार खोलीत हीच वाटचाल कितीतरी वेगाने होऊन लवकर संपते. एल्ड्रिज पोपने हार्डीज एल बनवणे १९९९ मध्ये थांबवले, २००३ मध्ये डेव्हनच्या ओहॅनलन्सने ती पुन्हा सुरू केली, पुढे तीही बंद पडून नाव इटालियन मालकांकडे गेले. त्यामुळे एकाच नावाच्या बाटल्या साले लावून चाखणाऱ्याच्या पुढ्यात वयातील फरकाबरोबरच वेगवेगळ्या ब्रुअरींचे पाणी, यीस्ट आणि हातही येतात, आणि ते वेगळे काढल्याशिवाय वयाबद्दल काहीही ठरवता येत नाही. लीसची हार्वेस्ट एल या कामी अधिक भरवशाची आहे, कारण तिची ब्रुअरी, मॉल्ट आणि हॉप तेच राहिले आहेत.