पाहायला येण्याचे पैसे

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन कसा बोलवायचा, ही रीत गेल्या चाळीसेक वर्षांत तीन-चारदा बदलली. रीत बदलली तसे पैसे ठरवण्याचे हिशेबही बदलले. पण बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखायची त्या माणसाची जी नजर, तिची किंमत आपण फारशी कधी लावलीच नाही. मागे वळून पाहताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

ऐंशीच्या दशकात घरचं फर्निचर घरातच व्हायचं. प्लायवूड, सनमायका, फेव्हिकॉल, बिजागऱ्या मालकाने आणून द्यायच्या आणि सुताराने गॅलरीत किंवा गच्चीवर बस्तान मांडायचं. दिवाण, कपाट, शोकेस करत महिना-दीड महिना तो घरातलाच होऊन जाई. दोन वेळचा चहा, संध्याकाळी हजेरी, शनिवारी उचल. रोजावर काम रेंगाळतं, अशी घरोघरी कुरकुर असे; म्हणून पुढे लोक उक्त्यावर काम देऊ लागले. उक्त्यात काम झटपट उरकायचं, पण मागच्या फळीला खिळे कमी पडायचे. रोजात निदान विचार करायला सवड होती. रंधा बाजूला ठेवून सुतार पाच मिनिटं नुसता भिंतीकडे बघत उभा राहिला, तर तीही त्याच्या रोजात धरलेली असत.

त्याच्याही आधी गावात वेगळा हिशेब होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (1915) बलुत्याची पद्धत तपशिलाने आली आहे. सुताराने वर्षभर शेतकऱ्याची औतं नीट ठेवायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. ही व्यवस्था जातीने जखडलेली होती, तिच्यात कारागिराला ना भाव ठरवता येई, ना धंदा सोडता येई. ती गेली हे बरंच झालं. फक्त तिच्यात वस्तू चालू ठेवण्याचा मोबदला होता, मोडल्यावर येण्याचा नव्हता. शहरात आल्यावर हे गणित उलटं झालं.

शहरात माणूस शोधायची जागा म्हणजे कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान. तिथे निरोप ठेवायचा, पत्ता सांगायचा आणि वाट बघायची. दुकानदार या कारागिरांना माल उधारीवर देई, त्यामुळे कोण पैसे बुडवतो, कोण काम अर्धवट टाकतो, हे त्याला पक्कं ठाऊक असे. त्याचा शब्द हीच हमी. येणारी माणसंही हळूहळू बदलत गेली. सुतारकामाला राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कारागीर आले. प्लंबिंगमध्ये ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचं, विशेषतः पट्टामुंडाई भागाचं नाव देशभर झालं. तिथली पोरं काका-मामांच्या हाताखाली शहरात येऊन हे काम शिकत गेली.

सगळ्यांत मोठा फरक मोबाइलने पडला, आणि माझ्या मते तो ॲपपेक्षाही मोठा होता. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे प्लंबरच्या खिशाला फोन परवडण्यासारखा नव्हता. 2003 साली येणारे कॉल फुकट झाले आणि दुकानातला निरोप संपला. मुंबईत 1996 मध्ये सुरू झालेल्या जस्टडायलसारख्या सेवांनी नंबर मिळवून दिले होतेच, आता नंबर थेट माणसाचा झाला. कारागीर पहिल्यांदा स्वतःच्या गिऱ्हाइकाचा धनी झाला. अर्थात दुकानदाराची हमीही त्याच वेळी गेली.

मग फर्निचरच बदललं. 2012 च्या सुमारास पेपरफ्राय वगैरे ऑनलाइन दुकानं आली, 2018 मध्ये हैदराबादला आणि 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया उघडलं. कपाट आता खोक्यात सपाट होऊन येऊ लागलं. मिनीफिक्स नावाच्या जोडणीची खुंटी एका फळीत, चकती दुसरीत. स्क्रूड्रायव्हरने चकती अर्धा फेरा फिरवली की सांधा आवळतो. सोपं आहे, पण पार्टिकल बोर्डला दुसरी संधी नसते. घर बदलताना दोनदा खोललं की भोकं सैल होतात आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. जुना सुतार त्यात काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकतो, रात्रभर वाळू देतो आणि मगच स्क्रू पिळतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

पावसाळ्यात फुगलेल्या दाराचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. दार अडकतंय म्हणून सुतार बोलावला. त्याने चौकटीच्या आतल्या कडेला खडू फासला, दार दोन-तीनदा लावलं-उघडलं, आणि दाराच्या कडेवर खडू कुठे उतरला ते पाहिलं. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू आवळला आणि म्हणाला, “ताई, आत्ता रंधा मारू नका. लाकूड पाण्याने फुगलंय. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल. दिवाळीनंतर फोन करा.” एवढं सांगून तो निघाला. दार वाचलं आणि त्याला मिळाला चहा. असे प्रसंग घरोघरचे आहेत.

2014 साली कारागीर घरी बोलावून देणारं अर्बनक्लॅप हे ॲप सुरू झालं, 2020 मध्ये त्याचं अर्बन कंपनी झालं. अशा सेवांनी काही गोष्टी निश्चित सुधारल्या. दर आधी कळतो, वेळ ठरते, एकट्या राहणाऱ्या बाईला दार उघडण्यापूर्वी माणसाची ओळख पटते. पाहायला येण्याची फीदेखील अखेर यादीत छापली गेली. पण ती पुष्कळदा पुढच्या कामाच्या बिलात वळती होते. याचा अर्थ, काम काढलं तर नजर पुन्हा फुकट, आणि ‘आत्ता काही करू नका’ म्हणणाऱ्याच्या हाती तेवढी फीच. तिच्यातूनही कमिशन जाणार असेल, तर कोणता माणूस मन लावून दिवाळीपर्यंत थांबायला सांगेल? दोष त्या माणसाचा नाही. यादीत स्क्रू आवळण्याला ओळ आहे, तो आवळून पुरेल हे ओळखण्याला नाही.

2020 च्या टाळेबंदीत हे कारागीर गावी निघून गेले तेव्हा गळके नळ महिनोन्‌महिने तसेच गळत राहिले आणि या माणसांची गरज सगळ्यांना कळली. कायद्यात थोडी हालचाल झाली. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांची व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्यासाठी द्यावेत अशी तरतूद झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाली. पण सकाळी नाक्यावर उभा राहणारा किंवा स्वतःच्या फोनवर काम घेणारा सुतार कुठल्या कंपनीच्या उलाढालीत मोजला जाणार? त्याच्यासाठी ती तरतूद नाही.

आता काही सुतार-प्लंबर फोनवरच सांगतात, “बघायला येण्याचे दोनशे होतील.” पलीकडून बहुतेकदा उत्तर येतं, “नुसतं बघायचे कसले पैसे?” तेच गिऱ्हाईक डॉक्टरकडे औषध लिहून न घेताही फी देऊन येतं. मी हे दोनशे आता बिलातून वळते करून घेत नाही, वेगळे देते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नंबर पाठवताना फीचा आकडाही सोबत लिहिते.