रस्त्यात गाडी अडवली, तर पावती नीट वाचा

भिवंडीचे सूत असो, मालेगावचे कापड असो, फर्निचर, फळे किंवा भंगार असो, आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचा बराचसा माल आज छोट्या टेम्पोतून फिरतो. नाक्यावर टेम्पो थांबवला गेला की काही चालक घाबरून खिशात हात घालतात, काही हुज्जत घालतात. दोन्हींत नुकसान मालकाचेच. मोटार वाहन कायदा १९८८ या प्रसंगाविषयी बराच स्पष्ट आहे.

इशारा झाला की गाडी थांबवावी, यात वाद नको. कलम १३० नुसार लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला आहे. बाकीचे कागद तो किंवा परिवहन खात्याचा अधिकृत अधिकारी मागू शकतो. रस्त्यावर उभे असलेले खाजगी लोक, मग ते स्वतःला कोणत्याही संघटनेचे म्हणवोत, कागद मागू शकत नाहीत, गाडी उघडून माल तपासू शकत नाहीत. जनावरे किंवा कातडी वाहून नेणाऱ्यांना याचा अनुभव अधिक येतो. अशा वेळी चालकाने खाली उतरून वाद घालू नये, ११२ वर फोन करावा. जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिलेले आहेत, हे तक्रार करताना जरूर नमूद करावे.

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागद मूळ कागदांप्रमाणेच ग्राह्य धरले जातात. मोबाईलमध्ये काढलेला नुसता फोटो मात्र चालत नाही, आणि बरेच चालक इथेच फसतात. कागद जवळ नसेल तर तो ठरलेल्या मुदतीत नंतर दाखवण्याची सवलत त्याच कलमात आहे. पण टेम्पोवाल्यांनी इथे सावध राहावे. व्यापारी वाहनाचे आर.सी. बुक आणि फिटनेस यांना ही सवलत सर्वसाधारणपणे लागू नाही. घरच्या स्कूटरवर चालून गेले ते मालाच्या गाडीवर चालेलच असे नाही.

आता पावतीकडे वळू. कलम २०६ खाली लायसन्स जप्त होते तेव्हा पोचपावती देणे बंधनकारक आहे, पण पावत्या दोन प्रकारच्या आहेत. चालक समन्स टाळून पळून जाईल अशा शंकेने लायसन्स घेतले असेल, तर ते न्यायालयात जाते आणि त्या पावतीवर गाडी चालवता येते. लायसन्स परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपर्यंत. आपला दोष नसताना लायसन्स तोवर परत आले नाही, तर अर्ज करून मुदत वाढवून घेता येते. याउलट अतिवेग, धोकादायक किंवा मद्यपान करून वाहन चालवणे, हेल्मेट नसणे, दुचाकीवर तिघे बसणे अशा गुन्ह्यांत लायसन्स निलंबनासाठी परिवहन अधिकाऱ्याकडे जाते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. चालकाकडे पावती आहे एवढ्यावर समाधान मानून मालकाने त्याला पुन्हा गाडीवर बसवले, तर विनालायसन्सचा आणखी एक गुन्हा अंगावर येतो. म्हणून पावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते तिथेच विचारून घ्यावे. चावी काढून घेण्याचा उल्लेख कलम १३० वा २०६ मध्ये कुठेही नाही, हे सौम्य शब्दांत सांगायलाही हरकत नाही.

खुद्द गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ खाली आहे. विनालायसन्स चालक, अल्पवयीन चालक, नोंदणी नसणे, परमिट नसणे किंवा परमिटच्या अटी मोडणे, ही त्याची कारणे. चालक विनालायसन्स किंवा अल्पवयीन असेल अथवा परमिट नसेल, तर गाडीऐवजी आर.सी. बुक ठेवून घेऊन पोच देण्याची तरतूद त्यातच आहे. माल नाशवंत असेल तर तशी विनंती जरूर करावी.

दंड जागेवर भरणे म्हणजे कलम २०० खाली तडजोड करणे. ती करायची की न्यायालयात जायचे, हे आरोपीने ठरवायचे असते. भरला तर पावती किंवा ई-चलानची पोच घ्यावी. पावतीविना दिलेल्या पैशांनी चलान मिटत नाही, ते गाडीच्या नावावर तसेच राहते.

जादा मालाचा प्रश्न सर्वांत महाग. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. पण नुसत्या नजरेने ठरवलेल्या वजनावर भागत नाही. कलम ११४ नुसार गाडी काट्यावर न्यावी लागते, आणि तो काटा पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. वजन करायला नकार दिला तर मात्र ४०,००० रुपये.

जीएसटीची ई-वे बिले तपासणे वाहतूक पोलिसांचे काम नव्हे, ते जीएसटीच्या अधिकृत अधिकाऱ्याचे आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. सूत, कापड, तयार कपडे जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरच्या आत नेताना २०१८ पासून सूट आहे. जॉबवर्कचे डिलिव्हरी चलन मात्र गाडीत असू द्यावे. जीएसटी तपासणीत गाडी ३० मिनिटांपेक्षा जास्त खोळंबली, तर ई-वे बिल प्रणालीतील ईडब्ल्यूबी-०४ या नमुन्यात त्याची नोंद वाहतूकदाराला स्वतः करता येते.